कोपऱ्यातला अंगठा

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, विषय आहे ‘ऑनलाइन कोर्स करून फोटो समजतो का?’ मला पस्तीस मिनिटं दिली होती, त्यातली नऊ माझी ओळख करून देण्यात गेली. त्या ओळखीत मी ‘ज्येष्ठ छायाचित्रकार’ झालो. मी छायाचित्रकार नाही हो. मी नुसता फोटो बघतो. काढणारे उदंड, बघणारे मोजके, त्यामुळे या धंद्यात ज्येष्ठता चटकन मिळते.

निवृत्तीनंतर मी लागोपाठ चार कोर्स केले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ साली कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर फोटो कसे पाहावेत याचा कोर्स सुरू केला, तोही त्यातच. मी रडगाणं गाणार आहे तो मात्र दुसरा, त्याचं नाव घेत नाही.

तिथे गृहपाठ होता : घरातली एखादी वस्तू खिडकीच्या उजेडात टिपा. मी तीन सकाळी घालवून एका खुर्चीचा फोटो काढला. पाठवताना बोट घसरलं आणि गेलं विजेचं बिल. न भरलेलं. असल्या कोर्समध्ये तपासायला मास्तर नसतो, विद्यार्थीच एकमेकांना मार्क देतात. माझं बिल तिघांनी तपासलं. एकाने लिहिलं, ‘छान’. दुसऱ्याने लिहिलं, चौकटी आणि आकड्यांतून आधुनिक माणसाची असहायता जाणवते. (हशा) हसू नका, थकबाकी पाहता त्याचं चुकलं नव्हतं. तिसऱ्याची एकच ओळ : ‘खाली उजव्या कोपऱ्यात अंगठा आलाय, तो मुद्दाम ठेवलात का?’

मी बिल मोठं करून पाहिलं. होता. माझाच, नखाच्या कडेला शाई लागलेला. हाच फोटो मी स्वतः काढला होता आणि अंगठा मला दिसला नव्हता! तिघांपैकी फोटो पाहिला तो त्या एकट्याने. पहिल्याने पाहिलाच नाही आणि दुसऱ्याने स्वतःचं वाचन पाहिलं.

अंगठ्यावरून आठवलं, म्हणजे तिथेच यायचं होतं. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’, म्हणजे स्थलांतरित आई, हा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमोला मटार तोडणाऱ्या मजुरांचा तळ. दोन्ही बाजूंना पाठमोरी मुलं, मांडीवर तान्हं, आईची बोटं गालाशी. कोर्सच्या व्हिडिओत हा फोटो जेमतेम अर्धा मिनिट टिकतो. शिकवणाऱ्या बाई म्हणतात ‘मातृत्व’, ‘प्रतिष्ठा’, की पुढची स्लाइड. आता याच फोटोच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता. लँगला तो खटकला आणि १९३९ साली तिने निगेटिव्हवरच तो पुसून घेतला. सरकारी कामातला फोटो, त्यात असा हात घालणं तिच्या वरिष्ठाला मुळीच रुचलं नाही. नीट पुसलाही गेला नाही, बारकाईने पाहिलं की भुतासारखा दिसतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात पुसण्याआधीची प्रिंटही आहे, घरबसल्या उतरवून घ्या. दोन्ही शेजारी ठेवून मी एक अख्खी दुपार घालवली. घरच्यांना वाटलं, मी झोपलोय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मुख्य मुद्दा आता पळवावा लागणार.

तर, व्हिडिओत फोटो आला की थांबवा. आवाज बंद. बाईंनी विशेषणं दिली की आपले डोळे सुटीवर जातात. कागदावर फक्त नामं लिहा : खांब, बाही, नख. दहा मिनिटं लिहा, मग फोटोखालची ओळ वाचा, आणि तिच्यावरही लगेच विश्वास टाकू नका. पुढे १९६० साली लँगने लिहिलं की या कुटुंबाने गाडीचे टायर विकले होते. घरच्यांनी ते साफ नाकारलं. त्या बाईचं नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, जगाला कळलं १९७८ साली. बेचाळीस वर्षं तो चेहरा सगळीकडे छापला गेला, नावाशिवाय.

दुसरं, स्क्रीनवर सगळे फोटो एकाच मापाचे होतात. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रान्सच्या दागेरने १८३८ साली पॅरिसच्या बुलवार द्यू ताँप्लचं चित्र घेतलं ते चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. असा पत्रा हातात धरून तिरका केला की उजेडाचा काळोख होतो, मध्येच स्वतःचा चेहरा दिसतो. हे कुठला कोर्स दाखवणार? रस्ता त्यात ओस दिसतो, कारण पत्र्याला काही मिनिटं उजेड द्यावा लागला आणि चालती माणसं, गाड्या उमटल्याच नाहीत. उमटला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस. मात्र तो कोपऱ्यातला माणूस मला मोठं करून बघता आला तो स्क्रीनवरच, तेव्हा कोर्सला अगदीच शिव्या देत नाही. फोटोतल्या लबाडीवर, १८४० साली बायार नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने फोटोत स्वतःला बुडून मेलेलं दाखवलं त्यावर, बोलायचं राहिलं. दुसरी चिठ्ठी आलीय.

हां, मागून कुणीतरी विचारतंय, बिलाला मार्क किती? पैकीच्या पैकी. नंतर खुर्ची पाठवली, तिला निम्मे.