मायक्रोअँपिअरचा हिशेब: कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरची गोष्ट

[पडद्यावर: मागून उघडलेलं मनगटी घड्याळ. बटणाएवढा सेल, शेजारी छोटीशी चिप.]

या घड्याळातला सेल वर्षानुवर्षं पुरतो. आत क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. चिप ही संख्या पंधरा वेळा निम्मी करत जाते आणि शेवटी सेकंदाला एक ठोका हाती येतो. दिवसरात्र हे काम चालू असतं, तरी सेल दमत नाही. त्याचं कारण समजून घेऊ, कारण वीज मीटर, पेसमेकर, धुराचा अलार्म, रिमोट अशा असंख्य वस्तूंमध्ये लपलेल्या प्रोसेसरची कहाणी तिथूनच सुरू होते.

1963 साली फेअरचाइल्ड कंपनीत फ्रँक वानलास यांनी एक जोडणी मांडली. दोन प्रकारचे ट्रान्झिस्टर जोडीनं लावायचे, असे की एक चालू असेल तेव्हा दुसरा बंद. म्हणजे पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत, सर्किटच्या शून्य व्होल्टेजच्या टोकापर्यंत, करंटला सरळ वाट कधी मिळतच नाही. शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होताना तेवढी वीज लागते, एरवी जवळजवळ काहीच नाही. हीच सीमॉस रचना. वानलास आणि सी. टी. सा यांनी त्याच वर्षी दाखवून दिलं, की असं सर्किट स्वस्थ बसलेलं असताना जी वीज घेतं ती नॅनोवॅटमध्ये मोजावी लागते.

एवढं असूनही उद्योगानं सीमॉसला लगेच जवळ केलं नाही. ती बनवायला किचकट होती, सिलिकॉनवर जागा जास्त घ्यायची आणि सुरुवातीला वेगातही मागे पडायची. 1971 चा इंटेल 4004 पीमॉस होता, पुढचे बरेचसे नामांकित प्रोसेसर एनमॉस, म्हणजे दोनपैकी एकेकाच प्रकारच्या ट्रान्झिस्टरचे. त्या चिपांमध्ये काम असो वा नसो, करंट वाहतच राहायचा. सीमॉसला आसरा मिळाला तो वीज मोजून वापरावी लागणाऱ्यांकडे: घड्याळवाल्यांकडे आणि अंतराळयानवाल्यांकडे.

[पडद्यावर: 40 पायांची चिप, वरून जवळून.]

अमेरिकेतल्या आरसीए कंपनीनं मात्र सीमॉस सोडली नाही. 1976 मध्ये त्यांचा 1802 हा आठ बिटांचा प्रोसेसर आला. त्यामागचं डोकं जोसेफ वाइसबेकर यांचं. या चिपचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. त्या काळच्या अनेक प्रोसेसरना क्लॉक, म्हणजे कामाचा ताल देणारा ठोका, सतत द्यावा लागे. तो थांबला तर रजिस्टरमधली, म्हणजे हातातले आकडे ठेवायच्या आतल्या कप्प्यांमधली, माहिती पुसली जायची. 1802 चा क्लॉक खुशाल थांबवा. सगळी रजिस्टरं आपापली किंमत धरून बसून राहतात, आणि क्लॉक परत दिला की काम जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू. थांबता येणं हा प्रोसेसरचा गुण असू शकतो, हे या चिपनं फार लवकर दाखवलं. 1989 मध्ये गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानात 1802 होते. गुरूभोवतीच्या भीषण किरणोत्सर्गात त्यांनी काम केलं आणि 2003 मध्ये यान गुरूच्या वातावरणात सोडलं जाईपर्यंत साथ दिली.

आता थोडं गणित. ते टाळून ही गोष्ट सांगता येणार नाही. सीमॉस चिप काम करताना किती वीज घेते, हे तीन गोष्टींवर ठरतं. किती तारा आणि ट्रान्झिस्टर विद्युतभारानं भरायचे-रिकामे करायचे, ते सेकंदाला किती वेळा करायचं, आणि किती व्होल्टेजवर करायचं. पहिल्या दोन गोष्टी साध्या प्रमाणात मोजल्या जातात. व्होल्टेजचा मात्र वर्ग होतो. व्होल्टेज निम्मं केलं की वीज चौथाईवर येते. पुढची तीस वर्षं जगभरच्या इंजिनिअरांनी जी धडपड केली, ती या तीन आकड्यांशीच.

इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीला यातला पहिला आकडा जवळजवळ नकळत सापडला. सोफी विल्सन यांनी सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांची यादी, रचला, स्टीव्ह फर्बर यांनी चिपची अंतर्गत मांडणी केली. माणसं मोजकी, पैसा मोजका, म्हणून रचनाही मोजकीच ठेवणं भाग होतं. चिप महागड्या सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लास्टिकच्या आवरणात बसावी, म्हणून ती एक वॅटच्या आत राहायला हवी होती. नेमका अंदाज बांधायची साधनं हाताशी नव्हती, तेव्हा त्यांनी प्रत्येक पायरीवर सढळ हातानं सावधगिरी बाळगली. 26 एप्रिल 1985 रोजी एआरएम-1 ची पहिली चिप चालू झाली. तिच्यात साधारण 25,000 ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षीच्या इंटेल 80386 मध्ये होते 2,75,000.

[पडद्यावर: अँमीटर. काटा शून्यावर.]

फर्बर चिपचा करंट मोजायला गेले, तर मीटर शून्य दाखवत होता. आणि प्रोग्रॅम मात्र नीट चालत होता! शोध घेतल्यावर कळलं, की चाचणीच्या बोर्डावर चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. आजूबाजूच्या चिपांकडून सिग्नलच्या पायांतून जो थोडासा करंट आत झिरपत होता, तेवढ्यावरच प्रोसेसर चालला होता. प्रत्यक्ष वापर भरला वॅटच्या दहाव्या भागाएवढा. साधेपणातून केवढी बचत होते, ते या मोजमापानं सिद्ध झालं.

पाच वर्षांनी या बचतीला गिऱ्हाईक मिळालं. अ‍ॅपलला हातात धरायच्या न्यूटन उपकरणासाठी प्रोसेसर हवा होता. नोव्हेंबर 1990 मध्ये एकॉर्न, अ‍ॅपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून एआरएम ही वेगळी कंपनी काढली. ती स्वतः चिप बनवत नसे, रचनेचा परवाना विकत असे. 1994 च्या एआरएम-7-टीडीएमआय मध्ये थम्ब नावाचा 16 बिटांचा सूचनासंच आला. प्रोग्रॅमची लांबी त्यानं साधारण एक तृतीयांशानं घटली. लहान प्रोग्रॅम म्हणजे लहान मेमरी, आणि मेमरीकडे कमी खेपा. वीज वाचवायची तर मेमरीच्या खेपा वाचवाव्या लागतात, हे त्या वेळी मोबाइल फोन बनवणाऱ्यांना चांगलंच उमगलेलं होतं.

दुसरीकडे डिजिटल इक्विपमेंट कंपनीनं 1996 मध्ये स्ट्राँगआर्म आणला. या चिपचा ताळेबंद तिच्या निर्मात्यांनी स्वतः मांडून ठेवलाय आणि तो ओळीनं वाचण्याजोगा आहे.

[पडद्यावर: एकेक आकडा उमटत जातो.]

सुरुवात त्यांच्याच अल्फा 21064 या आधीच्या प्रोसेसरपासून. 200 मेगाहर्ट्झ, 26 वॅट. व्होल्टेज 3.45 वरून 1.5 वर आणलं, वीज 5.3 पटींनी उतरली. उरले 4.9 वॅट. दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा भाग आणि अशीच इतर कामं काढून टाकली, तिप्पट घट. उरले 1.6. चिपवरच्या ट्रान्झिस्टरची बनावट अधिक बारीक केली, निम्मे झाले. उरले 0.8. चिपभर क्लॉक पोचवणाऱ्या तारांचं ओझं हलकं केलं, उरले 0.6. वेग 200 वरून 160 मेगाहर्ट्झवर आणला, उरला अर्धा वॅट. 26 वॅटवरून अर्ध्यावर! आणि वेग कमी करण्याचा वाटा त्यात सगळ्यात लहान. कमी विजेचा प्रोसेसर म्हणजे मंद प्रोसेसर, हा समज अजूनही ऐकू येतो. त्यावर या पाच ओळींएवढं चोख उत्तर मला दुसरं माहीत नाही.

एक्स-86 घराण्यात, म्हणजे इंटेलचा जुना सूचनासंच चालवणाऱ्या प्रोसेसरमध्येही, प्रयत्न झाले. जिओड आला, ट्रान्समेटाचा क्रूसो आला, 2008 मध्ये इंटेलचा अ‍ॅटम आला. जुन्या सूचनासंचाचं ओझं वागवत वीज वाचवणं त्यांना जड गेलं.

पण बटणाएवढ्या सेलवर चालणाऱ्या वस्तूंना अर्धा वॅटही राक्षसी वाटतो. तिथे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी-430 सारखे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी एकाच चिपवर असलेले छोटे संगणक, आले. हा 16 बिटांचा. त्याच्या एफ-149 या प्रकाराचे आकडे घेऊ. 1 मेगाहर्ट्झवर जागा असताना 280 मायक्रोअँपिअर (अँपिअरचे दहा लाखावे भाग), घड्याळाचा स्फटिक तेवढा चालू ठेवून झोपलेला असताना 1.6. सीआर-2032 सेलमध्ये साधारण 220 मिलिअँपिअर-तास असतात. चिप सतत जागी ठेवली तर सेल महिनाभरात संपतो. शंभरातला एकच क्षण जागी ठेवली तर सरासरी 4.4 मायक्रोअँपिअर, म्हणजे साडेपाच वर्षांहून जास्त. हिशेब ढोबळ आहे, चिपभोवतीच्या सर्किटचा खर्च यात धरलेला नाही, तरी फरक कुठल्या पातळीचा आहे ते दिसतं.

यात खरी कसोटी लागते उठताना. स्फटिकावरचा वेगवान क्लॉक स्थिर व्हायला कित्येक मिलिसेकंद जातात, आणि तेवढा वेळ वीज फुकट जाते. म्हणून एमएसपी-430 मध्ये चिपवरच दुसरा क्लॉक ठेवला होता, 6 मायक्रोसेकंदांत सज्ज होणारा. उठायचं, तापमान वाचायचं, आकडा नोंदवायचा आणि लगेच झोपायचं. अशा झोपेवर सगळं आयुष्य बेतलेल्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला विचारही उलटा करावा लागतो: काम किती लवकर संपवून गप्प बसता येईल?

आणि मग गळती सुरू झाली. व्होल्टेज उतरवायचं तर ट्रान्झिस्टरचा उंबरठाही, म्हणजे तो ज्या व्होल्टेजला चालू होतो तेही, उतरवावा लागतो. पण उंबरठा उतरला की बंद ट्रान्झिस्टरमधूनही करंट झिरपतो. अगदी आदर्श ट्रान्झिस्टरमध्येसुद्धा, नेहमीच्या तापमानाला उंबरठा 60 मिलिव्होल्टनं खाली आला की गळती दहापट होते. 2000 नंतरच्या दशकात, बनावट 90 नॅनोमीटरच्या आसपास पोचल्यावर, वानलास यांनी मांडलेलं ‘स्वस्थ असताना जवळजवळ शून्य’ हे गणित ढळू लागलं. क्लॉक थांबवून भागेना, चिपच्या न लागणाऱ्या भागांचा पुरवठाच तोडावा लागू लागला. अनेक मायक्रोकंट्रोलर त्यामुळे मुद्दाम जुन्या, जाड बनावटीवरच राहिले. एआरएमनं 2012 मध्ये कॉर्टेक्स-एम-झिरो-प्लस आणताना प्रोसेसरमध्ये एकेक सूचना ज्या पायऱ्यांतून पुढे सरकते त्या तीनवरून दोनवर आणल्या. प्रोग्रॅमनं उडी मारली की आधीच आणून ठेवलेल्या ज्या सूचना टाकून द्याव्या लागतात, त्यांची संख्या त्यानं घटली.

काहींनी त्या झिरपणाऱ्या करंटलाच कामाला लावलं. उंबरठ्याखालचा हा करंट स्वित्झर्लंडमध्ये एरिक व्हिटोझ यांच्यासारख्या संशोधकांनी 1970 च्या दशकातच, घड्याळांच्या चिपांसाठी अभ्यासला होता. आता अँबिकसारख्या कंपन्या अख्खे मायक्रोकंट्रोलर तिथे किंवा त्याच्या आसपास चालवतात. अशी चिप तापमानाला आणि बनावटीतल्या बारीकशा फरकाला फार हळवी असते, ती आटोक्यात ठेवणं महाकठीण.

[पडद्यावर: छोटा सेन्सर, त्याच्या करंटचा आलेख. सपाट रेघ, मध्येच उंच शिखर.]

हे उंच शिखर प्रोसेसरचं नाही. ते रेडिओचं आहे. झोपेत एखाद-दोन मायक्रोअँपिअरवर असलेला सेन्सर माहिती पाठवताना काही मिलिअँपिअर घेतो, हजारो पटींनी जास्त. त्यामुळे आज जोर आहे तो जागच्या जागी गणित करण्यावर. आवाज ओळखायचा असेल तर सगळा आवाज पाठवायचा नाही, चिपवरच तो तपासायचा आणि फक्त निकाल कळवायचा. 2020 मध्ये जाहीर झालेला कॉर्टेक्स-एम-55 याच कामासाठी एका वेळी अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या सूचना घेऊन आला. एका बाइटचा रेडिओ खर्च आणि तो वाचवण्यासाठी केलेल्या गणिताचा खर्च, या दोघांची तुलना आता प्रत्येक नव्या सेन्सरच्या आराखड्यात पहिल्याच पानावर मांडावी लागते.