वाफेची गाडी आणि मामाची चप्पल

नमस्कार मंडळी. वाफेची गाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रखडगाडी येते. पण ३ जुलै १९३८ ला इंग्लंडात मॅलार्ड नावाचं वाफेचं इंजिन ताशी २०३ किलोमीटरने धावलं. पुन्हा सांगतो, ताशी २०३. रॉकेट हे इंजिन १८२९ मध्ये ताशी ४८च्या आसपास पोचलं, तेव्हा लोक थक्क झाले होते. आणि २००८ मध्ये तयार झालेलं नवंकोरं टोर्नेडो? २०१७ च्या चाचणीत ताशी सुमारे १६०. म्हणजे नवं इंजिन जुन्याच्या मागेच! अर्थात मॅलार्ड उतारावर होतं, आणि त्या धावेत त्याचं बेअरिंगही तापून गेलं. उतारावर, हे ध्यानात ठेवा.

कारण आमच्या वाट्याला चढ होता. गोव्यातलं कुळे ते घाटावरचं कॅसलरॉक, ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. कुळ्याला गाडी थांबायची, मागून ढकलायला आणखी इंजिन लागायचं, तोवर चहा. मातीच्या कपातला. आताच्या कागदी कपातल्या पाण्याला मी चहा म्हणत नाही.

तर मामाचं लग्न बेळगावला. आम्ही सगळं वऱ्हाड याच गाडीत, खिडक्या उघड्या, आज्जी पदराला फुंकर घालून माझ्या डोळ्यातला कोळशाचा कण काढतेय. (वंदे भारतला खिडकीच उघडत नाही, मग प्रवास कसला?) मामा म्हणाला, “ही गाडी? मी चालत पुढे जाईन.” आणि नवरदेव खरंच उतरला की! गाडीशेजारून हात हलवत चालू लागला. दहा-वीस पावलांवर नवी कोल्हापुरी खडीत अडकली. वाकून ती काढेस्तोवर आमचा डबा पुढे गेला. मग मामा चप्पल हातात घेऊन पळतोय, आम्ही मुलं टाळ्या पिटतोय, मागच्या इंजिनाचा धूर त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर! तुम्ही मात्र असलं काही करू नका हं, दंड होईल.

शेवटच्या डब्यात कुणीतरी त्याला वर ओढलं. दूधसागर मागे पडल्यावर तो डब्याडब्यांतून आमच्यापर्यंत आला, काळा-ठिक्कर, हातात चप्पल. आज्जीने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं.

“आणि दुसरी रे?”