बँकॉकमधले पहिले दिवस

श्रोतेहो, नमस्कार. एकट्याने फिरायला निघालेल्या माणसाने परक्या शहरातले पहिले दोन-चार दिवस कसे काढावेत, यावर मला आज बोलायचंय. बोलणार आहे ते बँकॉकविषयी, कारण पाठीवर सॅक टाकून आग्नेय आशियात जाणारी आपल्याकडची पुष्कळ मुलंमुली आधी तिथेच उतरतात.

माझं म्हणणं असं, की पहिले दिवस स्थळं उरकण्यात घालवू नका. आधी त्या शहरात ये-जा करायला शिका. कुठून कुठे कसं जायचं, भूक लागली तर कुठे वळायचं, संध्याकाळी कुठे बसायचं, एवढं हाताशी आलं की एकटेपणाची धास्ती निम्म्याने ओसरते. आणि बँकॉकमध्ये हे शिकावं ते पाण्यावर.

मी एकटी गेले तेव्हा जुन्या शहरातल्या बांगलाम्फू भागात एका हॉस्टेलमध्ये उतरले होते. फक्त बायकांसाठीची खोली, पडदा लावलेला बंक, उशाशी दिवा आणि कुलूप लावायला कपाट. मुलीला एकटीला पाठवताना ज्यांचा जीव खालीवर होतो, त्या आईवडिलांना मुद्दाम सांगते, अशा खोल्या तिथे सहज मिळतात. जवळच खाओ सान रस्ता आहे, दिवे आणि गाण्यांच्या गोंगाटाचा. मला तिथे करमलं नाही. थोडं चालत गेलं की नदीकाठी 1783 सालचा फ्रा सुमेन किल्ला लागतो, पांढरा, बुटका, आठ कोनांचा, आणि त्याला लागून एक छोटी बाग. संध्याकाळी सहाला तिथे राष्ट्रगीत वाजतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. आपणही उभं राहायचं. मग गाणी लागतात आणि शेजारपाजारच्या बायका, आजोबा, शाळकरी पोरं मिळून व्यायाम करतात. मागच्या रांगेत मीही जाऊन उभी राहिले. कुणी काही विचारलं नाही, शेजारच्या बाईंनी नुसतं सरकून जागा दिली. त्या शहरात पहिल्यांदा मोकळं वाटलं ते त्या रांगेत.

आता कालव्याकडे येऊ. सॅन सॅप कालवा थायलंडच्या तिसऱ्या राम राजाच्या हुकमावरून 1837 ते 1840 या काळात खणला गेला. पूर्वेकडे व्हिएतनामशी चाललेल्या लढाईसाठी सैन्य आणि दारूगोळा जलद पोचावा, हा हेतू. आज त्याच पाण्यावरून ऑफिसला जाणारी माणसं लांबुळक्या लाँचमधून धावतात. जुन्या शहराच्या टोकाला, सोनेरी स्तूप असलेल्या टेकडीच्या पायथ्याशी पान फा धक्का आहे, तिथे बसायचं. लाँच धक्क्याला टेकते न टेकते तोच सुटते, त्यामुळे आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची, मग कडेवर पाय ठेवून आत उडी मारायची. डोक्यावर हेल्मेट घातलेले तिकीटवाले बोटीच्या बाहेरच्या कडेवरून, दोरी धरून चालत पुढे येतात आणि पैसे घेतात. बाजूला प्लास्टिकची ताडपत्री असते. समोरून दुसरी लाँच आली, की कडेला बसलेल्याने दोरी ओढून ती वर घ्यायची, म्हणजे पाणी अंगावर उडत नाही. पाण्याला वास येतो, तोंड मिटलेलं बरं. कडेला जागा मिळाली की दोरीचं काम आपसूक आपल्याकडे येतं, आणि दोन धक्के जाईपर्यंत आपण नीट जमवतो. प्रातूनामला बोट बदलावी लागते. रस्त्यावर गाड्या खोळंबलेल्या असताना आपण त्यांच्या मागच्या अंगाने, वाळत घातलेले कपडे आणि कुंड्या बघत पुढे निघून जातो.

चाओ फ्राया नदीवरही तसंच. नारिंगी झेंड्याची बोट धरा, रोजची माणसं तीच वापरतात. था तियेन धक्क्याला उतरलं की वाट फो हे बौद्ध मंदिर जवळच. तिथला पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे. फोटो काढून लगेच बाहेर पडू नका. मूर्तीच्या पाठीमागच्या बाजूला काशाची 108 पात्रं ओळीने ठेवलेली आहेत. भाविक प्रत्येकात एकेक नाणं टाकत जातात आणि तो आवाज सबंध दालनभर चालू असतो. आवारात संगमरवरावर कोरलेले वैद्यकाचे, मालिशचे पाठही आहेत. विद्या सगळ्यांना खुली राहावी म्हणून त्याच तिसऱ्या राम राजाने ते भिंतीवर लावले. मला जवळच्याच राजवाड्यापेक्षा हे जास्त भावलं. राजवाड्याबाहेर कुणी गोड बोलून सांगितलं, की आज बंद आहे, चला मी टुकटुक रिक्षाने दुसरीकडे नेतो, तर ऐकू नका. तो तुम्हाला रत्नांच्या दुकानात नेईल. सरळ दरवाज्यापाशी जाऊन बघा.

शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं. भाजीतही माशाचं पाणी घालायची रीत आहे. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरातली ‘जे’ ही खूण शोधा, तिथे मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. आणि फाहुरात बाजारातल्या सोनेरी घुमटाच्या गुरुद्वारात सकाळी लंगर असतो. पोटात गरम चपाती गेली, की पुढच्या प्रवासाला हुशारी येते.

त्याच बाजूला, भल्यामोठ्या लाल झोक्याच्या सांगाड्याजवळ, 1784 साली बांधलेलं देवस्थान आहे. 1935 पर्यंत त्या झोक्यावर माणसं उंच झोके घेऊन नाण्यांची पिशवी दातांनी पकडायची. देवस्थानात तीन दालनं, शंकराचं, गणपतीचं आणि विष्णूचं. गणपतीपुढे थाई माणसं उदबत्ती लावून गुडघ्यावर बसतात. आपणही चपला काढून त्यांच्यात बसावं, देव आपल्या ओळखीचाच आहे.

एवढं झालं, की उत्तरेला चियांग माईची रात्रीची गाडी धरा. जुन्या माहितीत हुआ लाम्फोंग स्टेशनाचं नाव असतं, पण जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अफिवात या नव्या स्टेशनवरून सुटतात. तिथे भुयारी मेट्रोने जाता येतं, बांग स्यू ला उतरायचं. तिकीट आधी काढा आणि खालचा बर्थ मागा. थोडे पैसे जास्त पडतात, पण तो रुंद असतो आणि खिडकीही आपली असते.