व्होल्ट, अँपिअर आणि बोअरमधली मोटर

[दृश्य: हरभऱ्याचं रान. बांधावर स्टार्टरची पेटी.]

रब्बीची पाणीपाळी सुरू झाली की परभणी, बीड, जालना, कुठंही जा, मोटर भरून देणाऱ्या दुकानांपुढं जळालेल्या मोटरी येऊन पडलेल्या दिसतात. कशानं जळाली, तर म्हणे व्होल्टेज कमी होतं. हे खरं आहे, पण अर्धंच. वाइंडिंग, म्हणजे मोटरीतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, जाळतो तो वाढलेला अँपिअर. तो किती वाढला, हे मोटर जळायच्या आधी मोजता येतं.

आधी सोपं घेऊ. पाणी तापवायचा हीटर. व्होल्टेज 230, प्रवाह साडेसहा अँपिअर. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध मिळतो: सुमारे 35 ओहम. दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती: सुमारे 1500 वॅट. यातला पहिला, रोधाचा हिशोब, म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी 1827 साली मांडलेला नियम. आता व्होल्टेज 180 वर आलं तर? रोध तोच राहतो, प्रवाह पाच अँपिअरवर उतरतो आणि शक्ती 920 वॅटच्या आसपास येते. पाणी तापायला वेळ लागेल, पण हीटरला काही होणार नाही.

मोटरीचं गणित इथंच उलटं फिरतं.

[दृश्य: स्टार्टरमधून निघणाऱ्या एका वायरीभोवती क्लॅम्प मीटर. पडद्यावर 9.0.]

पाच एचपीची थ्री फेज सबमर्सिबल. मोटर चालू असताना दोन फेजमध्ये 415 व्होल्ट, प्रत्येक वायरीत 9 अँपिअर. क्लॅम्पमध्ये एका वेळी एकच वायर घ्यायची. तिन्ही एकत्र धरल्या तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. थ्री फेजची शक्ती काढताना व्होल्ट, अँपिअर, 1.732 (तीनचं वर्गमूळ) आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या प्रवाहातला खरा कामी येणारा हिस्सा) यांचा गुणाकार करायचा. पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर येतात 5175 वॅट. पाच एचपी म्हणजे 3730 वॅट. तेवढं काम शाफ्टला मिळतं. उरलेली बरीचशी वीज मोटरीतच उष्णता होऊन जाते.

रात्री सगळ्या शिवारात मोटरी चालू झाल्या आणि व्होल्टेज 340 वर आलं. पंपाला पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं आहे, त्यामुळं मोटर जवळपास तेवढीच शक्ती मागते आणि त्यासाठी 11 अँपिअर ओढते. नऊचे अकरा, म्हणजे फार वाटत नाहीत. पण वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते: 81 च्या जागी 121, म्हणजे दीडपट.

अशा वेळी ओव्हरलोड रिले, म्हणजे प्रवाह जास्त झाला की मोटर बंद पाडणारा पेटीतला भाग, ट्रिप होतो. तो बरोबरच करतो. पण सारखं पेटीपर्यंत जावं लागतं म्हणून त्याची चकती साडेनऊवरून बारा-तेरावर फिरवून ठेवतात. मराठवाड्यात निम्म्याहून जास्त अनर्थ या एका चकतीनं होतो, असं आमचं ठाम मत आहे. सेटिंग मोटरीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवा.

[दृश्य: बोअरच्या तोंडाशी चपटी केबल.]

पेटीवर व्होल्टेज पूर्ण असलं तरी मोटरीपर्यंत ते तेवढं पोहोचत नाही. पेटी वस्तीवर, बोअर दीडशे मीटर लांब, मोटर त्यात आणखी दीडशे मीटर खाली. झाली तीनशे मीटर केबल. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध शंभर मीटरला पाऊण ओहमच्या आसपास असतो, तीनशेला सव्वादोन. थ्री फेजचे तेच 1.732 आणि 0.8 धरले तर नऊ अँपिअरला वाटेतच सुमारे 28 व्होल्ट जातात आणि तिन्ही तारांत मिळून 547 वॅट नुसते केबल तापवण्यात खर्च होतात. तिथंच सहा चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर घट बारा व्होल्टच्या आत येते. केबल घेताना पैसे वाचवले तर ते प्रत्येक पाळीला जातात.

आता एक चूक, जी शिकाऊ वायरमन हमखास करतात. 415 ला 9 नं भागलं तर 46 येतात; मग मीटरवर वाइंडिंगचा रोध तीन-चार ओहमच दिसला की मोटर शॉर्ट आहे असं समजून ती वर काढायला लावतात. नसती मेहनत. फिरणाऱ्या मोटरीत प्रवाहाला मुख्य अडवणूक चुंबकीय क्षेत्रामुळं होते, तारेचा रोध त्यातला छोटा भाग. म्हणून वाइंडिंग तपासताना मेन स्विच बंद करा, किटकॅट (फ्यूजची काढघाल करायची खिट्टी) काढून खिशात ठेवा, केबलची तिन्ही टोकं स्टार्टरमधून सोडवा आणि दोन-दोन टोकांत ओहम मोजा. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून दिसणारा आकडा आधी वजा करा. तिन्ही आकडे सारखे हवेत. एक वेगळा आला तर वाइंडिंग किंवा केबलचा जोड गेलाय. करंट अर्थला उतरतोय का, हे मात्र साध्या मीटरवर भरवशानं कळत नाही. त्याला 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचा मीटर, लागतो.

[दृश्य: रस्त्याकडेची डीपी. लाईट येते, एकामागून एक दिवे लागतात.]

हेच गणित डीपीला, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरला लावू. 63 केव्हीएची डीपी सुमारे 84 अँपिअर देऊ शकते. पाच एचपीच्या नऊ मोटरी म्हणजे 81 अँपिअर. चालताना कशीबशी बसतात. पण थेट सुरू होणारी मोटर पहिले काही क्षण पाच-सहापट प्रवाह ओढते. प्रत्येक पेटीत ऑटो (लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारं यंत्र) बसवलेला असला तर लाईट येताच नवाच्या नऊ मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर 400 ते 500 अँपिअरचा झटका बसतो. व्होल्टेज धाडकन पडतं, मोटरींना वेग घेता येत नाही आणि तो झटका लांबतच जातो. फ्यूज उडतो, किंवा फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असली तर डीपीच जाते. ऑटोमध्ये उशिरा चालू करणारा टायमर असतो. डीपीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून तो एकाचा दहा सेकंदांवर, दुसऱ्याचा वीस, तिसऱ्याचा तीस, असा लावून घ्यावा.