रिंगमधला बफर कोणाचा?

मंडळी, नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला की आधी लक्ष जातं डेटाशीटमधल्या रजिस्टरांकडे (कार्डला आज्ञा देण्याच्या आणि त्याची स्थिती वाचण्याच्या जागा). ते काम किचकट आहे, पण सरळ आहे. खरी कसोटी लागते ती एकाच प्रश्नावर: मेमरीतला हा बफर (पॅकेट ठेवायची जागा) या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे, प्रोसेसरच्या की कार्डच्या? लिनक्स आणि इंटेलचं ई१००० कार्ड समोर ठेवून त्याबद्दल बोलतो. संगणकाची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅममध्ये हे कार्ड आयतं मिळतं. चूक झाली तर फक्त आभासी मशीन कोसळतं, म्हणून शिकायला तेच घ्या.

सुरुवातीची मांडणी झटपट सांगतो. व्हेंडर आणि डिव्हाइस क्रमांक जुळले, इथे ८०८६ आणि १००ई, की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपलं प्रोब फंक्शन चालवतो. त्यात डिव्हाइस सुरू करायचं, डीएमए मास्क ठरवायचा (डीएमए म्हणजे कार्डने थेट मेमरी वाचणं-लिहिणं; कार्ड कुठपर्यंतचे पत्ते वापरू शकतं ते मास्क सांगतो), बस मास्टरिंग, म्हणजे कार्डला स्वतःहून मेमरीकडे जाण्याची मुभा, चालू करायचं, रजिस्टरं मॅप करायची, मॅक पत्ता वाचायचा आणि सगळ्यात शेवटी नोंदणी करायची. शेवटी म्हणजे अगदी शेवटी, कारण नोंदणी होताच कोणीही इंटरफेस उघडू शकतं. बस मास्टरिंग राहून गेलं तर फसगत होते: रजिस्टरं वाचता येतात, लिंकही दिसते, पण मेमरीत एकही पॅकेट उतरत नाही.

आता रिंग, म्हणजे शेवटाहून पुन्हा सुरुवातीला येणारी यादी. तिच्यात २५६ डिस्क्रिप्टर, म्हणजे नोंदी, प्रत्येकी १६ बाइट, म्हणजे बरोबर ४०९६ बाइट. प्रत्येकात एका बफरचा पत्ता असतो. हेड आणि टेल या रिंगमधल्या दोन खुणा: हेड कार्ड पुढे नेतं, टेल आपण. हेडपासून टेलच्या अलीकडेपर्यंतचे डिस्क्रिप्टर कार्डचे. दोन्ही एकाच जागी आले तर कार्डच्या हिशेबी रिंग रिकामी. म्हणून २५६ पैकी २५५च भरायचे. सगळे भरून टेल फिरवून हेडवर आणला, तर बफर भरपूर असूनही कार्ड येणारी पॅकेटं टाकून देतं.

बफर कार्डकडे सोपवताना क्रम महत्त्वाचा. बफर डीएमएसाठी मॅप करा (कार्डला वापरता येईल असा त्याचा पत्ता मिळवा), मॅपिंग फसलं का ते तपासा, डिस्क्रिप्टर भरा आणि मगच टेल लिहा. परत घेताना आधी 'काम झालं' हा बिट पाहायचा, मग वाचनाचा बॅरिअर (आधीचं वाचन पुरं होईपर्यंत पुढचं रोखणारी सूचना), मग पॅकेटची लांबी. बॅरिअर विसरला तर एक्स८६ जातीच्या प्रोसेसरवर बहुधा काही बिघडत नाही आणि चूक दडून राहते. एआरएमवर मात्र मधूनच जुनीच लांबी हाती येते. असा दोष हुडकायला दिवसच्या दिवस जातात. कर्नल बांधताना डीएमए डीबगचा पर्याय चालू ठेवा. मॅप आणि अनमॅपची लांबी जुळत नसेल तर तो लगेच ओरडतो.

१ गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान पॅकेटं सेकंदाला सुमारे १४.८८ लाख येऊ शकतात. दर पॅकेटमागे इंटरप्ट (हातचं काम थांबवायला लावणारी कार्डची हाक) घेतला तर प्रोसेसर त्यातच बुडेल. त्यासाठी लिनक्समध्ये नॅपी ही पद्धत आहे: पहिल्या इंटरप्टला पुढचे इंटरप्ट बंद करायचे आणि पोल फंक्शनमधून एका फेरीत सहसा ६४ पॅकेटं उचलायची. ६४पेक्षा कमी मिळाली तरच काम संपल्याचं कळवून इंटरप्ट पुन्हा चालू करायचे. पूर्ण ६४ मिळाली तर तसं कळवायचं नाही, कर्नल आपल्याला परत बोलावतोच. आणि नवा बफर हाती आल्याशिवाय जुना वरच्या थराला देऊ नका. मेमरी मिळाली नाही तर ते पॅकेट सोडा, तोच बफर रिंगमध्ये परत ठेवा. नाहीतर रिंग हळूहळू रिकामी होते आणि कार्ड मुकं होतं.

पाठवण्याच्या बाजूला दोन जागा जपा. रिंग भरत आली की आपण पाठवायच्या पॅकेटांची रांग थांबवतो. पण थांबवल्यावर जागा पुन्हा एकदा तपासलीच पाहिजे. त्या दोन क्षणांमध्ये दुसऱ्या प्रोसेसरने सगळी रिंग मोकळी केली असेल, तर रांग उठवायला कोणी येत नाही. काही सेकंदांनी वॉचडॉग, म्हणजे अडकलेली रांग हेरणारा कर्नलचा पहारेकरी, 'ट्रान्समिट टाइमआउट' नोंदवतो आणि दोष विनाकारण हार्डवेअरला लागतो. दुसरी जागा छोट्या फ्रेमची (फ्रेम म्हणजे तारेवर जाणारं पॅकेट). चेकसम सोडून ६० बाइट भरले पाहिजेत आणि कमी पडलेली जागा शून्यांनीच भरायची. कार्ड ती स्वतः भरत नसेल आणि आपणही लांबी नुसतीच वाढवली, तर मेमरीतला जुना मजकूर तारेवर जातो. २००३ साली अनेक ड्रायव्हरांमध्ये नेमकी हीच गळती उघडकीस आली.

इंटरफेस बंद करताना हाच ताबा उलट्या क्रमाने सोडवायचा: आधी कार्डाचं डीएमए थांबवा, मग अनमॅप, मग बफर मोकळे. क्रम चुकला तर कार्ड उशिरा आलेलं पॅकेट अशा पानावर लिहितं, जे एव्हाना दुसऱ्याच कोणाच्या वापरात असतं.