एडक्यापाशी परत परत येणारा शिल्पकार : मेनाशे कादिशमन

श्रोतेहो, नमस्कार.

आधुनिक इस्रायली कलेविषयी बोलायचे तर मेनाशे कादिशमन या चित्रकार-शिल्पकाराला वगळून पुढे जाता येत नाही. टनावारी वजनाचे पोलाद अधांतरी तोलून धरणारा हा कलावंत आयुष्याच्या उत्तरार्धात मेंढरांचे चेहरे रंगवत राहिला आणि त्या चेहऱ्यांतूनच आपल्या देशाला फार अवघड प्रश्न विचारत राहिला. आजच्या भाषणात त्याच प्रश्नाचा माग घ्यायचा आहे.

कादिशमन यांचा जन्म २१ ऑगस्ट १९३२ रोजी तेल अवीव येथे झाला. इस्रायल हे राष्ट्र तेव्हा स्थापन व्हायचे होते. तो प्रदेश ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. वयाच्या पंधराव्या वर्षी वडिलांचे छत्र हरपले आणि घराला हातभार लावण्यासाठी त्यांना शाळा सोडावी लागली. त्याच सुमारास तेल अवीवच्या अवनी कलासंस्थेत मोशे स्टर्नशुस यांच्याकडे त्यांनी शिल्पकलेचे पहिले धडे घेतले. १९५० ते १९५३ या काळात मात्र ते देशाच्या पार उत्तरेकडील मायान बारूख या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीत, होते आणि तिथे त्यांच्याकडे काम आले ते मेंढरे राखण्याचे. कळपातले प्रत्येक जनावर मेंढपाळ चेहऱ्यावरून ओळखतो, हे आपल्याकडच्या धनगरांना सांगायला नको. परक्या नजरेला सारखीच वाटणारी मेंढरे या तरुणाला एकेकटी दिसू लागली, आणि पुढच्या साऱ्या कामाचे बीज मला तरी तिथेच दिसते. त्यानंतर जेरुसलेममध्ये ते रूडी लेहमान यांच्याकडे शिकले. लाकडात आणि दगडात प्राणी घडवणारे शिल्पकार म्हणून लेहमान नावाजलेले होते.

१९५९ साली कादिशमन लंडनला गेले. तिथल्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिल्पकार अँथनी कॅरो यांनी शिल्पाला चौथऱ्यावरून खाली उतरवून थेट जमिनीवर आणण्याचा प्रयोग चालवला होता. जोडकाम केलेले पोलाद हे नव्या पिढीचे माध्यम ठरत होते. या वातावरणात कादिशमन यांनी आकार कमीत कमी केले, वर्तुळे आणि ठोकळे एवढेच हाती ठेवले, आणि वजनाशी खेळ मांडला. १९६७ मध्ये पॅरिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना शिल्पकलेचे पहिले पारितोषिक मिळाले. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस स्टॉर्म किंग नावाचे विस्तीर्ण शिल्पोद्यान आहे. तिथले त्यांचे १९७७ सालचे शिल्प पाहताना पाऊल आपोआप मागे सरकते. गंजाचा तांबूस थर धरलेल्या पोलादाचा एक प्रचंड ठोकळा जमिनीतून वर येतो, आणि त्याच्या माथ्याला दुसरा तसाच ठोकळा नुसता एका बाजूने चिकटल्यासारखा हवेत लोंबत असतो. आधार कुठेच दिसत नाही, कारण तो जमिनीखाली पुरलेला आहे. तेल अवीवच्या हबीमा चौकातली, एकावर एक तिरपी चढत गेलेली तीन वर्तुळे याच वृत्तीची आहेत.

लंडनमधील वास्तव्य संपवून १९७२ मध्ये ते मायदेशी परतले. १९७८ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनाचा विषय होता निसर्गाकडून कलेकडे आणि कलेकडून निसर्गाकडे. इस्रायलच्या दालनात कादिशमन यांनी जिवंत मेंढरांचा कळपच आणून उभा केला, त्यांच्या पाठीवर निळ्या रंगाच्या खुणा केल्या आणि स्वतः मेंढपाळ होऊन त्यांच्यात वावरले. काही समीक्षकांना ती केवळ चमत्कृती वाटली असेल. मला मात्र ती कलावंताची आपल्या मूळ कामाकडे झालेली घरवापसी वाटते. त्यानंतर मेंढराचा चेहरा हा त्यांच्या चित्रांचा स्थायी विषय झाला. निळे, गुलाबी, लालभडक, समोरून थेट पाहणारे हे चेहरे इतक्या मोठ्या संख्येने रंगवले गेले की त्यांचा बाजार झाला अशी टीका होणे स्वाभाविक होते. ही टीका अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु अनेक चेहरे शेजारी शेजारी लावलेले पाहावेत, म्हणजे त्यातला एकही दुसऱ्याची नक्कल नाही हे ध्यानात येते.

याच मेंढरांतून एक एडका पुढे आला. बायबलच्या जुन्या करारात परमेश्वर अब्राहामाला आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला सांगतो; सुरी उचलली जाते, ऐन क्षणी देवदूत हात थोपवतो आणि झुडपात शिंगे अडकलेला एडका मुलाच्या जागी अर्पण केला जातो. मराठी कानाला ही कथा परकी नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील चरित्रांवर मराठीत कीर्तने रचून ती गायिली होती. कादिशमन यांनी या कथेचा शेवटच उलटवला. १९८२ ते १९८५ या काळात घडवलेले त्यांचे इसहाकाच्या बलिदानाचे शिल्प तेल अवीव कलासंग्रहालयाच्या प्रांगणात आहे. त्यात एडका उंच, धिप्पाड आणि जिवंत उभा आहे. मुलाचे मस्तक जमिनीवर पडलेले आहे. बाजूला शोक करणाऱ्या स्त्रिया आहेत. देवदूत आलेलाच नाही. १९८२ हे लेबनॉन युद्धाचे वर्ष होते, आणि बहुतेक घरांतला मुलगा वयात येताच सैन्यात जातो अशा देशात हे शिल्प कोणाविषयी बोलते, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. बापांच्या पिढीने मुलांकडून किती किंमत वसूल करावी, हा तो अवघड प्रश्न.

तोच प्रश्न बर्लिनमध्ये आणखी विस्तारला. वास्तुशिल्पी दानिएल लिबेस्किंड यांनी उभारलेल्या ज्यू संग्रहालयात जाणीवपूर्वक रिकाम्या ठेवलेल्या उंच पोकळ्या आहेत. त्यांपैकी एकीच्या तळाशी कादिशमन यांनी जाड पोलादी पत्र्यातून कापलेले दहा हजारांहून अधिक चेहरे पसरले. दोन डोळे, नाक आणि किंकाळीसाठी उघडलेले तोंड, एवढाच प्रत्येकाचा तपशील. शिल्पाच्या हिब्रू नावाचा अर्थ पानगळ. प्रेक्षकाने या चेहऱ्यांवरून चालत जायचे असते. पाय पडला की लोखंडावर लोखंड आपटते आणि तो खणखणाट उघड्या काँक्रीटच्या भिंतींवर आदळून कितीतरी पटीने मोठा होऊन परत येतो; तोल सांभाळताना खाली पाहावेच लागते. काही जण पाऊल टाकायला नकार देतात, आणि तो नकारही मला या शिल्पाचाच भाग वाटतो. हे चेहरे केवळ ज्यू संहारातील बळींचे नाहीत. युद्धात आणि हिंसेत मारल्या गेलेल्या सर्वच निरपराध माणसांना कादिशमन यांनी ते अर्पण केले आहेत. ज्यू संग्रहालयात, तेही बर्लिनमध्ये, एका इस्रायली शिल्पकाराने अर्पणाचा परीघ एवढा रुंद करणे हे मोठ्या मनाचे आणि धैर्याचे काम होते.

१९९५ साली त्यांना शिल्पकलेसाठी इस्रायल पुरस्कार मिळाला, आणि ८ मे २०१५ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. श्रोत्यांपैकी कोणी तेल अवीवला गेले, तर कलासंग्रहालयाच्या प्रांगणात थोडा वेळ अवश्य काढावा. शिल्प उघड्यावर आहे, त्यामुळे संग्रहालय बंद असले तरी ते पाहता येते. त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारावी, कारण सपाट पत्र्यातून घडवलेला तो एडका बाजूने पाहिला तर एका पातळ रेघेएवढाच उरतो आणि जमिनीवरचे मस्तक मात्र समोर येते. नमस्कार.