फेल्टची चकती आणि माईक

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे विज्ञान शिकवण्याबद्दल, पण सुरुवात करणार आहे न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या एका पार्टीपासून. तारीख ११ ऑगस्ट १९७३. सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, रहिवाशांच्या सामाईक खोलीत, डीजे कूल हर्क गाणी लावत होता. पार्टी त्याच्या बहिणीने ठेवली होती. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी पैसे हवे होते. हिप-हॉपचा, म्हणजे ठेक्यावर नाचायच्या आणि तालावर बोलायच्या त्या संगीताचा, जन्म त्या रात्री झाला असं मानतात.

हर्कच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गाण्यात मध्येच गायक थांबतो आणि नुसते ड्रम वाजतात, तेव्हा नाचणाऱ्यांना खरा जोर चढतो. हा तुकडा असतो काही सेकंदांचा. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या, दोन रेकॉर्ड प्लेयर घेतले आणि तेवढाच तुकडा आळीपाळीने वाजवायला सुरुवात केली. पण सुई उचलून तो अंदाजाने ठेवायचा. ताल तुटायचा.

ही तुटलेली जागा एका पोराला सहन होईना. त्याचं नाव जोसेफ सॅडलर, पुढे जगाने त्याला ग्रँडमास्टर फ्लॅश म्हणून ओळखलं. जन्म बार्बाडोसचा, वाढला ब्रॉंक्समध्ये, आई शिवणकाम करणारी. घरातलं कुठलंही यंत्र दिसलं की हा ते उघडून बसायचा. म्हणून त्याला तंत्रशाळेत घातलं, तिथे तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला. जाता जाता सांगतो, तंत्रशाळा म्हणजे कमी मार्कांच्या मुलांची सोय, हा आपल्याकडचा समज मला फार लागतो. हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन विचार करणं हा विचार करण्याचा पहिल्या प्रतीचा मार्ग आहे. आणि हल्ली तर वस्तूच अशा येतात की त्या उघडताच येत नाहीत. मुलांनी उघडायचं काय?

असो. फ्लॅशकडे वळू. त्याची अडचण नीट ऐका. एक तबकडी वाजते आहे. तेवढ्या वेळात दुसरी हाताने उलटी फिरवून तुकड्याच्या सुरुवातीला आणायची, तिथे धरून ठेवायची आणि नेमक्या ठोक्याला सोडायची. पण प्लेयरच्या थाळीवर असते रबराची चटई. रबर तबकडीला घट्ट धरतं. तबकडी अडवली की थाळीही अडते, आणि सोडल्यावर जड थाळीला पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढ्यात ताल गेला!

म्हणजे त्याला हवं होतं असं काहीतरी, जे घसरेलही आणि धरेलही. पुन्हा सांगतो, घसरेलही आणि धरेलही. थाळी खाली फिरत राहावी, तबकडी वर हाताखाली थांबावी, आणि बोटं उचलली की हलक्या तबकडीने क्षणात थाळीचा वेग पकडावा. विज्ञानाच्या पुस्तकात घर्षण आणि जडत्व असे दोन धडे असतात. हा मुलगा त्या दोन धड्यांच्या मधोमध उभा होता.

त्याने कापडं चाचपून पाहिली. फेल्ट, म्हणजे लोकर दाबून केलेलं कापड, आवडलं, पण ते लोळागोळा व्हायचं. तेव्हा आईचं काम कामी आलं. तबकडीच्या मापाची गोल चकती कापली, तिच्यावर स्टार्च मारला, वरून इस्त्री फिरवली. सुती साडीला खळ दिली की ती कशी ताठ होते, तशी ती चकती कडक झाली. आज जगभरचे डीजे थाळीवर जी चकती ठेवतात, तिच्यामागे ही आईची इस्त्री आहे.

मग तबकडीवर त्याने रंगीत खडूने खूण केली आणि वेढे मोजू लागला. मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास, नेमकं सांगायचं तर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. ९ सेकंदांचा तुकडा असेल तर बरोबर ५ वेढे मागे. शिवाय लोकांना ऐकू न जाता दुसरी तबकडी आपल्याच कानात ऐकू यावी, म्हणून एक स्विच जोडून तो त्याने मिक्सरवर, म्हणजे दोन्ही प्लेयरचे आवाज जोडणाऱ्या यंत्रावर, चिकटवून टाकला.

सगळं जमलं. ताल कुठेही तुटत नव्हता. मोठ्या उमेदीने त्याने हे लोकांसमोर केलं. आणि काय झालं? कोणी नाचेना. लोक नुसते उभे राहून बघत राहिले. तो घरी जाऊन रडला.

श्रोतेहो, हा क्षण मला प्रत्येक विज्ञान शिक्षकाला सांगावासा वाटतो. प्रयोग अचूक होता. मांडणी अचूक होती. समोरची माणसं मात्र प्रेक्षक झाली होती. फ्लॅशने चकती बदलली नाही, हिशेब बदलला नाही. त्याने माईक पुढे केला आणि दुसऱ्या कोणाला तरी बोलू दिलं. काऊबॉय नावाच्या त्याच्या जोडीदाराने त्या तालावर लोकांना हाका घातल्या आणि गर्दी हलली. ब्रॉंक्समधलं रॅप, म्हणजे तालावर यमक जुळवत बोलणं, असं वाढलं.

आता वर्गाकडे येतो. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या ख्रिस्तोफर एमडिन यांनी हेच सूत्र धरलं. ते आधी न्यूयॉर्कच्याच सरकारी शाळांत गणित आणि विज्ञान शिकवत. तासाला गप्प बसणारी मुलं मधल्या सुट्टीत गोल करून रॅप करतात, प्रत्येकाला पाळी मिळते, चुकलेल्याला इतर सावरून घेतात, हे त्यांनी पाहिलं. मग वर्गच तसा का नसावा? वू-टँग क्लॅन या गटातला रॅपर जिझा, जो स्वतः शाळा अर्धवट सोडून गेलेला, त्यांच्या सोबतीला आला. २०१२-१३ मध्ये शहरातल्या १० सरकारी शाळांत मुलांनी विज्ञानावर रॅप लिहिली, आणि जून २०१३ मध्ये अंतिम स्पर्धा झाली. जिंकलेलं रॅप होतं कार्य आणि ऊर्जा या विषयावर. नुसतं यमक जुळून भागत नाही. गतिज ऊर्जेला स्थितिज ऊर्जेपासून वेगळं करणारी ओळ तालात बसवायची, तर आधी फरक कळावाच लागतो.

एक आग्रह मात्र धरतो. सरांनी स्वतः रॅप करू नये. फळ्यासमोर सरच गाऊ लागले की मुलं पुन्हा प्रेक्षक. माईक मुलाच्या हातात हवा. आपल्या धारावीत मराठी, हिंदी, तमिळ अशा तिन्ही भाषांत रॅप करणारी पोरं आहेत. पाठ्यपुस्तकातला घर्षणाचा धडा त्यांच्या हाती द्या आणि कडवं मागा. चुकीचं विधान आलं तर ते गाळू नका, वर्गालाच पकडू द्या.

आणि घरी मुलं असतील तर त्यांना आज रात्री हे गणित घाला. तबकडी मिनिटाला ४५ फेरे घेते, तुकडा आहे ९ सेकंदांचा. डीजेने किती वेढे मागे जायचं? उत्तर आहे पावणेसात. ते सातला पाव कमी कसं आलं, हे त्यांच्याकडूनच ऐका. नमस्कार.